उदाहरणाचं वाक्य

त्या आठवड्यात योगिताच्या जिवाला म्हणून स्वस्थता नव्हती. बसली की उठायची, उठली की कशाला उठलो तेच विसरायची. भात दोनदा करपला. तिसऱ्या दिवशी सासू रूपीने पळी स्वतःच हातात घेतली आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. तू आपली बाहेर जाऊन फीर, भात मी बघते."

बाहेर जाऊनही ती करणार काय? कैनाडच्या त्या पाड्यावर फिरायचं म्हटलं तर आंब्यापासून विहिरीपर्यंत. तेवढ्यात ती तोंडाने इंग्रजी वाक्यं पुटपुटत येरझाऱ्या घालायची आणि मागून तिची लेक चिमी, पाच वर्षांची, तशीच पुटपुटत चालायची. शब्द एकही कळत नसे, पण हातवारे आईचे हुबेहूब.

झालं होतं असं. योगिता तलासरीला प्रविण सरांच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. सकाळी चिमी झोपेत असताना निघायची आणि रात्री चिमी झोपल्यावर यायची. क्लासच तसा होता, शाळा-कॉलेजच्या आधी एक आणि नंतर एक. मधल्या वेळात माणसाने करायचं काय, तर नाक्यावर चहा प्यायचा आणि ट्रक मोजायचे. रविवार सोडला तर पोरीला आई दिसायचीच नाही. एकदा तर रविवारी चिमीने तिला विचारलं, "तू आज इथेच जेवणार?" पाहुणीला विचारतात तसं. योगिताला तो घास गिळता गिळवेना.

म्हणून डहाणूत समुद्राकडच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत जागा निघाली तशी ती धावली. शाळा मोठी, पगार बरा, दुपारी सुट्टी. आणि मुख्य म्हणजे शिक्षकांच्या मुलांना तिथे फी माफ. आई शिकवतेय त्याच शाळेत लेक शिकतेय, दोघी एकाच रिक्षाने जातायत, येतायत. योगिताने हे चित्र मनात इतक्या वेळा पाहिलं होतं, की चिमीच्या बुटांचा नंबरसुद्धा तिने बघून ठेवला होता.

मुलाखतही छान झाली. शाळेचे ट्रस्टी धनेश सर, चिखले गावचे, मोठे चिकूवाडीवाले. बोलायला मोकळे. मुख्याध्यापिका विनिता मॅडम मोजकं बोलणाऱ्या. सगळं विचारून झाल्यावर धनेश सरांनी सहज विचारलं, "लग्न झालंय?"

"नाही सर," योगिता म्हणाली.

"बरं झालं. आमच्या आधीच्या दोन्ही बाई वर्षाच्या मध्येच बाळंतपणाला गेल्या. पोरांचा सिलॅबस राहिला. तुमची ती भानगड नाही."

योगिता मान खाली घालून कागद आवरू लागली.

आता ती खोटं बोलली का? तुम्हीच सांगा. तिच्या पाड्यावर लग्न म्हणजे मांडव, लग्न लावणारी धवलेरी, भिंतीवर पांढरा चौक, आणि अख्ख्या पाड्याला जेवण. हे सगळं जमेल तेव्हा जमेल. त्याआधी पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, दोन्ही घरची माणसं बसली, बोलली, की पोरगी राहायला येते आणि संसार सुरू होतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि का वाटावं? योगिता उमेशकडे अशीच आली होती. लग्न व्हायचं होतं. ते अडलं होतं कुठे, तर उमेशच्या आईबापाचं, तुक्या आणि रूपीचंच लग्न अजून लागायचं होतं, आणि आईबापाच्या आधी पोराचं कसं लावायचं? म्हातारा दर चैत्रात विवळवेढ्याच्या यात्रेहून आला की म्हणायचा, "यंदा दोन्ही लगनं एकाच मांडवात उरकू." मग पाऊस यायचा, भाताची आवणी यायची, म्हातारा विसरायचा. कुणाचं काही अडत नव्हतं.

तेव्हा 'लग्न झालंय का' याला योगिताच्या तोंडून खरं तेच उत्तर निघालं. धनेश सरांनी मात्र त्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीने घेतला. तिथेच, त्याच मिनिटाला तिने म्हणायला हवं होतं, की सर, मुलगी आहे मला. ती म्हणाली नाही. आणि जी मुलगी शाळेत घालायची म्हणून ती आली होती, तिलाच तिने खुर्चीत बसल्या बसल्या गिळून टाकलं. घरी येताना टेम्पोत तिला स्वतःचा असा राग आला, की शेजारच्या बाईने विचारलं, पोट दुखतंय का.

तिने उमेशला सगळं सांगितलं. उमेश वाड्यांवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. शांत माणूस. कुठलीही गोष्ट आधी उघडून बघावी, मग बोलावं, असा त्याचा स्वभाव.

"आधी नोकरी तर लागू दे," तो म्हणाला. "मग सांगू हळूहळू."

"हळूहळू म्हणजे कसं? आधी पोरीचे पाय दाखवायचे, मग डोकं?"

"मी बघतो काय करायचं ते," उमेश म्हणाला. तो काय बघणार होता, हे तिने विचारलं नाही. तिचं डोकं पुढच्या भीतीत गुंतलं होतं. शाळेने तिला नववीच्या वर्गावर एक तास घ्यायला बोलावलं होतं, डेमो म्हणून. मागे ट्रस्टी आणि मुख्याध्यापिका बसणार. विषय त्यांनीच दिला होता, पॅरलल स्ट्रक्चर. वाक्यात तीन गोष्टी ओळीने सांगायच्या, तर तिन्ही एकाच घडणीच्या हव्यात. दोन एका तऱ्हेच्या आणि तिसरी भलत्याच, असं चालत नाही. योगिताला हे झोपेत विचारलं तरी आलं असतं. भीती विषयाची नव्हतीच.

डेमोच्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. उमेशने तिला मोटरसायकलवरून सोडलं. "तू जा कामाला, मी माझी येईन," तिने बजावलं. त्याने मान हलवली. फाटकातून आत जाताना तिच्या तळहातांना घाम सुटला होता आणि तिने तो निळ्या साडीला पुसला.

वर्गात चाळीसएक पोरं. मागच्या बाकावर धनेश सर आणि विनिता मॅडम. योगिताने पुस्तकातलं वाक्य फळ्यावर लिहिलं: आय लाइक स्विमिंग, हायकिंग अँड टू स्की. पोरांनी ते बघितलं, जांभया दिल्या. डहाणूत बर्फ कुठून आणायचा? समोर समुद्र आहे खरा, पण त्यात पोहायला गेलं तर आई फटके देते. योगिताच्या ध्यानात आलं, की हा तास असाच गेला तर नोकरीच्या नावाने आंघोळच करायची.

तिने फळा पुसला. "गॅदरिंगला तारपा नाच कुणी कुणी केलाय?"

निम्मे हात वर. ही सगळी भाड्याची लुगडी नेसून, रेकॉर्डवर नाचलेली पोरं. तरी म्हटलं, चला, नाचलीत तर खरी. तिने तिघांना पुढे बोलावलं, एकमेकांच्या कमरेला हात घालायला लावले. "दोघांनी डावा पाय टाकायचा. तू मात्र उडी मार." तिघं पाऊलभर गेली आणि एकमेकांवर कोसळली. वर्ग खदखदला. मागे विनिता मॅडमसुद्धा हसल्या.

"वाक्यात हेच होतं," योगिता म्हणाली. "तिसऱ्याने उडी मारली, की अख्खी ओळ पडते. आता मला तुमची वाक्यं सांगा. पुस्तकातली नकोत. खरी सांगा. खरं बोललं की घडण आपोआप नीट येते."

हे ती बोलून गेली. असं काही बोलायचं तिने ठरवलं नव्हतं.

पोरं सुटली. एकाचा बाप चिकू उतरवतो, पेटीत भरतो आणि सुरतेला पाठवतो. एकीची आजी ओरडते, कण्हते आणि टीव्ही बघते. तिसऱ्याचा कुत्रा खातो, झोपतो आणि भुंकायचं विसरतो. तिन्ही क्रियापदं ओळीत, एकाच चालीत. योगिता फळ्यावर लिहीत होती, चुकलं तिथे पोरांकडूनच दुरुस्त करून घेत होती, आणि सबंध आठवड्यात पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले होते. ती शिकवायला लागली की अशीच होते, तिला कशाचं भान राहत नाही.

पहिल्या बाकावरची जिग्ना उठली. "मॅम, आता तुमचं एक. खरं."

"आय लिव्ह इन कैनाड," योगिता लिहीत लिहीत म्हणाली, "टीच इन तलासरी, अँड..."

आता तिसरं. तिसरं काहीही चाललं असतं. चहा पिते, पेपर वाचते, टेम्पोने जाते. घडणीत सगळी बसत होती. पण तिचा हात फळ्यावर चालूच राहिला, आणि हाताने लिहिलं तेच तोंडाने म्हटलं: "अँड मिस माय डॉटर."

मला माझ्या लेकीची आठवण येते.

वर्गाला काय त्याचं? जिग्नाने बोटांवर क्रियापदं मोजली, लिव्ह, टीच, मिस, आणि म्हणाली, "करेक्ट आहे मॅम." मग पोरीच्या जातीला साजेलसं तिने पुढे विचारलं, "केवढी आहे ती?"

"पाच वर्षांची," योगिता म्हणाली. आता काय लपवायचं राहिलं होतं? तिने मागे पाहिलं नाही. पण मागचा बाक करकरला, तेवढं तिने ऐकलं.

तास संपल्यावर तिला ऑफिसात बोलावलं. पंखा गरगरत होता. विनिता मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि धनेश सर खुर्चीत मागे रेलले.

"तुम्ही म्हणालात, लग्न झालं नाही."

"नाहीच झालेलं, सर."

"मग मुलगी?"

"माझी आणि उमेशची. आम्ही एकत्र राहतो. आमच्यात लग्न नंतर लागतं, सवडीने. सासू-सासऱ्यांचं पण व्हायचंय अजून." हे म्हणताना तिला एकदम हसू येईल की काय अशी भीती वाटली. हसू नाही, डोळ्यांत पाणी आलं. तिने ते ओघळू दिलं नाही. "तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं."

"अहो, मला माहितीये ते," धनेश सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट समजूत घालावी तसा होता. "आमच्या वाडीवर कामाला येतात त्यांच्यात असतं हे. मला त्याचं काही नाही. पण इथे पालक असतात. ते चार ठिकाणी बोलतात. शाळेची अब्रू एकदा गेली की गेली."

'त्यांच्यात' हा शब्द योगिताला टोचला. पण तिने तो गिळला. त्या आठवड्यात तिने बरंच काही गिळलं होतं, त्यात हे एक.

"तास उत्तम घेतलात," विनिता मॅडम मध्येच म्हणाल्या, कागदांकडे बघत. "माझी नववी एवढी हसताना मी पाहिली नव्हती."

"तेच म्हणतोय मी," धनेश सर पुढे सरकले. "बाई चांगली आहे, घालवायची कशाला? असं करू. फळ्यावरचं ते वाक्य, ते उदाहरण होतं. एवढंच. व्याकरणातलं उदाहरण कोण खरं धरतो? कोणी विचारलं तर भाचीबद्दल बोलत होते म्हणा. नोकरी तुमची. तुम्ही मिस योगिता. पुढे लग्न कराल तेव्हा आम्हाला पेढे द्या, मग आपण बघू."

"आणि मुलीची अ‍ॅडमिशन?"

धनेश सरांनी विनिता मॅडमकडे पाहिलं. मॅडम कागदांतून वर बघेनात.

"ती कशी होणार?" सर म्हणाले. "तुम्हीच विचार करा. घरी राहू दे ना तिला, पाड्यावर शाळा असेलच. मधल्या सुट्टीपर्यंत सांगा मला. बोईसरहून दुसरे एक जण यायचेत."

योगिता जिना उतरून खाली आली आणि व्हरांड्यात फेऱ्या मारू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. नको म्हणावं, तर उद्यापासून पुन्हा तलासरी, पुन्हा झोपलेली पोर. हो म्हणावं, तर दुपारी घरी, पोरीशेजारी जेवण, पोरीचा अभ्यास. शाळा नाही तर नाही, आई तर मिळेल तिला. आणि काय करायचं असतं त्यासाठी? फक्त एक गोष्ट बोलायची नाही. गेला आठवडाभर बोललीच नव्हती की. सवय होते माणसाला. दोन-तीन वर्षांत म्हातारा मांडव घालेल, मग सगळं उघड. तिने असा सगळा हिशेब जुळवला, आणि खरं सांगायचं तर 'हो' तिच्या ओठांवर येऊन थांबलं होतं. घंटा झाली. पोरं धबधबा बाहेर आली. ती जिन्याकडे वळली.

वळता वळता तिला फाटकाशी उमेशची मोटरसायकल दिसली. त्याला जा म्हटलं होतं, तो गेला नव्हता. किंवा गेला होता आणि परत आला होता, कारण टाकीवर पुढे चिमी बसली होती. यात्रेत घेतलेला पिवळा फ्रॉक, डोक्याला चापूनचोपून तेल. उमेशने तिला खाली उतरवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि कानाशी लागून काहीतरी सांगितलं. चिमीने मोठ्या माणसासारखी मान हलवली. वॉचमनच्या बाजूने ती आत आली आणि पोरांच्या गर्दीतून वाट काढत, बाटली दोन्ही हातांनी धरून, योगितासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "पाणी घ्या."

योगिताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालीस?"

"मॅडम, पाणी घ्या. ऊन आहे." चिमी हसत नव्हती. पाठ केलेलं नीट आलं की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. तिकडे फाटकाशी उमेशने, तिला धीर द्यावा तसा, अंगठा वर केला.

जिग्ना आणि तिच्या मैत्रिणी डबे घेऊन तिथेच उभ्या होत्या. जिग्नाने वाकून चिमीच्या फ्रॉकचं फूल चाचपलं. "कित्ती गोड. मॅम, ही कोण? ही तुमची ती मुलगी?"

योगिताने तोंड उघडलं. पण तिच्याआधी चिमीच बोलली, घाईघाईने, कारण हेही तिला शिकवलेलं होतं आणि ते विसरायच्या आत म्हणायला हवं होतं.

"नाय," ती म्हणाली. "मी मॅडमची कोणी नाय. मी माझ्या बाच्या बरोबर आलेय."

योगिता खाली बसली. व्हरांड्याच्या फरशीवर, साडीचा विचार न करता. तिला उमेशवर चिडायचं होतं, पण चिडण्यासारखं त्याने केलं काय होतं? पोरीला आई भेटावी आणि आईची नोकरीही वाचावी म्हणून त्याने बिचाऱ्याने पोरीला सकाळभर शिकवलं होतं. बघतो म्हणाला होता, त्याने बघितलं. जे ती आठवडाभर करत होती तेच त्याने पोरीकडून पाठ करून घेतलं होतं, आणि पोरीने एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं होतं. तिने चिमीच्या हातातली बाटली घेतली, पाण्याचा एक घोट घेतला, आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं.

"ही चिमी," तिने जिग्नाला सांगितलं. "माझी मुलगी. तिला आज कोणीतरी चुकीचं शिकवलंय."

मग ती जिना चढली. पाच वर्षांची पोर कडेवर जड लागते, वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. धनेश सर डबा उघडून बसले होते. विनिता मॅडम त्यांच्या समोर.

"सर," योगिता म्हणाली, "ते वाक्य उदाहरण नव्हतं. ही माझी मुलगी. घ्यायचं असेल तर दोघींना घ्या."

धनेश सरांनी चपातीचा तुकडा परत डब्यात ठेवला. चिमीकडे पाहिलं, मग योगिताकडे. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच वाईट वाटलं असावं. "मग अवघड आहे, बाई," ते म्हणाले. विनिता मॅडम उठून दारापर्यंत आल्या. चिमीच्या गालाला हात लावून त्या परत आत गेल्या.

योगिताने चिमीला खाली उतरवलं, हात धरला आणि दोघी जिना उतरू लागल्या. नोकरी गेली होती. उद्या पहाटे तलासरीचा टेम्पो पकडायचा होता, आणि पोरीला शाळा कुठली, हे पुन्हा पहिल्यापासून शोधायचं होतं. हे सगळं तिला दिसत होतं.

मधल्या वळणावर चिमी थांबली. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आईचा पदर ओढला.

"आता म्हणू?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"आये म्हणू?"

"म्हण," योगिता म्हणाली.

"आये," चिमी म्हणाली. मग जरा मोठ्याने, "आये." मग फाटकापर्यंत, सगळ्या पोरांमधून, ती तेच म्हणत राहिली, आणि योगिता प्रत्येक हाकेला ओ देत राहिली.